खोदण्याआधी: जमिनीखालची केबल कशी सापडते आणि कशी निसटते

सोलापूरच्या कुठल्याही जुन्या पेठेत रस्त्याच्या कडेला उभं राहून खाली बघितलं, तर डांबरावर जुन्या चरांचे लांब पट्टे दिसतात. एक पाण्याच्या लाइनीचा, एक ड्रेनेजचा, एक वीजकेबलचा, दोन-तीन फायबरचे. प्रत्येक चर वेगळ्या वर्षी, वेगळ्या खात्याने, वेगळ्या ठेकेदाराकडून खोदून घेतलेला. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की या खुणाही बुजतात. मग पुढच्या कामाला जेसीबी येतो, बकेट खाली जाते आणि अर्ध्या पेठेची लाइट जाते. कधी तेवढ्यावर निभावतं. कधी पहार धरलेल्या माणसाचे हात आणि चेहरा भाजतो, कधी तो वाचत नाही.

22 मार्च 2023 रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं, तेव्हा असमन्वित खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं असा अंदाज सांगितला होता. तो आकडा पैशांचा आहे. चरात उतरणाऱ्या मजुराचा हिशेब त्यात येत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आणि त्याच्या मुकादमासाठी आहे.

मुद्दा एकच आहे. केबल शोधणारं कुठलंही यंत्र केबल ‘बघत’ नाही. ते केबलभोवतीचं काहीतरी जाणून घेतं: चुंबकीय क्षेत्र, रेडिओ लहरींचं परावर्तन. ते ‘काहीतरी’ नसेल, तर केबल असूनही यंत्र गप्प राहतं. त्यामुळे कुठलं यंत्र कधी आणि का गप्प राहतं, हे समजून घेणं यंत्र चालवता येण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

यंत्राच्याही आधी कागद आणि डोळे. सोलापुरात वीजकेबलसाठी महावितरण, रस्त्यावरचे दिवे, पाणी आणि ड्रेनेजसाठी महापालिका, टेलिफोन आणि फायबरसाठी बीएसएनएल आणि खासगी कंपन्या, एवढ्या सगळ्यांकडून नकाशे मागावे लागतात. वर सांगितलेल्या अ‍ॅपवर खोदाईची जागा आणि तारीख नोंदवली की तिथे ज्यांच्या केबल वा पाइप आहेत त्यांना सूचना जाते. पण ही सूचना फक्त ज्यांनी आपलं जाळं त्यात नोंदवलंय त्यांनाच जाते. डीपीपासून एखाद्या सोसायटीच्या मीटरपर्यंत गेलेली केबल, दुकानाच्या पाटीला दिलेली लाइन, कुणीतरी सीसीटीव्हीसाठी वीतभर खोलीवर पुरलेली वायर, या कुठल्याच नकाशात नसतात.

नकाशा असला तरी तो केबल टाकली त्या दिवसाचा असतो. ‘कंपाउंड वॉलपासून दीड मीटर’ असं लिहिलेलं असतं आणि रुंदीकरणात ती भिंतच मागे गेलेली असते. फुटपाथखालची केबल आता रस्त्याच्या मधोमध आलेली असते. खोलीचंही तसंच. भारतीय मानक आयएस 1255 प्रमाणे कमी दाबाच्या केबलवर निदान 0.75 मीटर, 11 केव्हीपर्यंतच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) केबलवर 0.9 मीटर आणि 22 ते 33 केव्हीच्या केबलवर 1.05 मीटर माती हवी. बीएसएनएलची फायबरसाठीची नेहमीची खोली 1.65 मीटर. हे आकडे पाठ असावेत, पण त्यांच्या भरवशावर बकेट लावू नये. सोलापूरची जमीन म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की चर उथळ राहतो. तशी सवलत नियमातही असते, त्या बदल्यात केबलला पाइपाचं किंवा काँक्रीटचं संरक्षण द्यायचं असतं. शिवाय रस्त्याची पातळी खाली घेतली की केबलवरची माती आपोआप कमी होते. आणि केबल सरळ रेषेत असते हाही गैरसमज आहे. जॉइंटच्या जागी पुढच्या दुरुस्तीसाठी जादा केबल वळसा घालून ठेवलेली असते. दोन टोकांमध्ये दोरी धरून ‘केबल इथून जाते’ असं ठरवलं, तर नेमका तो वळसा बकेटमध्ये येतो.

डोळ्यांनी बरंच कळतं. विजेच्या खांबावरून लोखंडी पाइपातून खाली उतरलेली केबल कुठल्या दिशेला वळते? फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी, कुठे आहे? दिव्यांच्या खांबांची रांग आहे आणि वर तार नाही, म्हणजे तार खालून गेली आहे. चेंबरचं झाकण उघडून आत कुठल्या भिंतीतून किती पाइप शिरतात ते मोजता येतं. हमरस्त्याच्या कडेला फायबरच्या मार्गाच्या खुणेचे दगड असतात. एवढं सगळं कागदावर उतरवल्यावर यंत्र हातात घ्यावं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे केबल लोकेटर. त्याचं तत्त्व शाळेतलं आहे: तारेतून प्रवाह वाहिला की तिच्याभोवती वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रवाह एसी असेल तर ते क्षेत्र सतत बदलतं आणि जवळ आणलेल्या कॉइलमध्ये बारीकसा व्होल्टेज निर्माण करतं. लोकेटरच्या दांड्यात अशा कॉइल असतात. आडवी कॉइल केबलच्या बरोबर वर आली की सिग्नल सर्वांत जास्त येतो. उभी कॉइल तिथेच शून्य दाखवते आणि दोन्ही बाजूंना वाढते. खालची आणि वरची कॉइल यांच्या सिग्नलमधल्या फरकावरून यंत्र खोलीचा हिशेब करतं.

यात दोन गोष्टी हातात यंत्र असलेल्याला माहीत हव्यात. दांडा जमिनीला काटकोनात उभा धरायचा. बरेच जण तो झुलवत चालतात, आणि कॉइल तिरकी झाली की खूण बाजूला सरकते. दुसरं, आडवी कॉइल केबलला समांतर फिरली तर तिच्यात जवळजवळ काहीच सिग्नल येत नाही. म्हणून जागा एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा उत्तर-दक्षिण, अशी दोन्ही दिशांनी पालथी घालावी लागते. एका दिशेने फिरून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे अर्धंच काम.

लोकेटर वापरायची सोपी पद्धत म्हणजे आपण काहीही सिग्नल न देता केबलमध्ये आधीच असलेला 50 हर्ट्झचा प्रवाह ऐकणं. यंत्रावर याला बहुधा ‘पॉवर’ मोड म्हणतात. खोदाईच्या ठिकाणी बहुतेक जण एवढंच करतात, आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते प्रवाहामुळे, व्होल्टेजमुळे नाही. तोटी बंद असलेल्या नळाच्या पाइपाला कान लावला तर आवाज येत नाही, पण पाइपात पाणी दाबाने भरलेलं असतं. पाइप फोडला की कळतं. केबलचंही असंच. एखाद्या कारखान्याकडे जाणारी केबल घ्या. लूम (यंत्रमाग) बंद आहेत, म्हणजे प्रवाह नाही, म्हणजे लोकेटर गप्प. पण मागचा स्विच चालू आहे आणि केबलच्या तारांवर पूर्ण व्होल्टेज उभा आहे. त्यात पहार घुसली तर त्या क्षणी हजारो अँपिअर वाहतात आणि ज्वाळेसारखा आर्क उठतो.

रस्त्यावरच्या दिव्यांची केबल याहून फसवी. दिवसा दिवे बंद असतात, केबलमध्ये प्रवाह नसतो. सकाळी अकरा वाजता पाहणी केली, जमीन गप्प, दुपारी खोदायला सुरुवात केली, काम संध्याकाळपर्यंत लांबलं आणि अंधार पडताच टायमरने दिवे लावले. सकाळची पाहणी तेव्हा पूर्ण निरुपयोगी झालेली असते. अशा जागी दिवे मुद्दाम लावून घेऊन पाहणी करावी, किंवा केबलवर स्वतःचा सिग्नल चढवावा.

तिसरी फसगत तर भरपूर भार असतानाच होते. थ्री-फेज केबलमध्ये तीन फेजचे प्रवाह 120 अंशांच्या फरकाने वाहतात. तिन्हींवर भार सारखा असेल तर कुठल्याही क्षणी त्यांची बेरीज शून्य असते. तिन्ही तारा एकाच केबलमध्ये घट्ट पिळलेल्या असतात, म्हणून बाहेर त्यांची चुंबकीय क्षेत्रंही एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. घरगुती वस्तीत भार कधीच सारखा नसतो, त्यामुळे तिथे लोकेटरला काहीतरी गुणगुण ऐकू येते. पण 11 केव्हीची नीट समतोल भार असलेली केबल, म्हणजे सगळ्यांत धोकादायक केबल, कधीकधी सगळ्यांत शांत असते. हे वाक्य मी साइटवरच्या प्रत्येक मुकादमाला पुन्हा पुन्हा सांगेन.

म्हणून भरवशाची पद्धत म्हणजे ट्रान्समीटर लावून केबलवर आपला ओळखीचा सिग्नल चढवणं आणि लोकेटरने फक्त तोच शोधणं. हे तीन प्रकारे करता येतं. ट्रान्समीटरची एक वायर थेट केबलच्या धातूच्या आवरणाला जोडायची आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. हे सर्वांत उत्तम, पण अधिकृत वीजकर्मचाऱ्यानेच करायचं काम. जोडता येत नसेल तर केबलभोवती ट्रान्समीटरचा क्लॅम्प (चिमट्यासारखं कडं) बसवायचा. तेही जमत नसेल तर ट्रान्समीटर जमिनीवर ठेवून हवेतूनच सिग्नल द्यायचा. या तिसऱ्या प्रकारात आजूबाजूच्या सगळ्याच धातूंवर सिग्नल चढतो, आणि ट्रान्समीटरपासून निदान पंधरा-वीस पावलं दूर गेल्याशिवाय लोकेटर केबलला नव्हे, ट्रान्समीटरलाच प्रतिसाद देतो.

सिग्नलला परतीची वाट लागते. केबलमधून गेलेला प्रवाह जमिनीतून ट्रान्समीटरकडे परत येतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, काळी माती भेगाळते, आणि त्या कोरड्या जमिनीत ठोकलेली खुंटी नीट जोडणीच देत नाही. ट्रान्समीटरच्या पडद्यावर प्रवाह अगदी कमी दिसतो. खुंटीच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओतलं की तोच आकडा लगेच वर चढतो. खुंटी नेहमी केबलच्या आडव्या दिशेला, शक्य तितकी लांब ठोकावी आणि तिची वायर दुसऱ्या केबलवरून वा पाइपावरून नेऊ नये, नाहीतर सिग्नल त्याच पाइपावरून फिरून येतो.

सिग्नलची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, कोणती निवडायची? 512 हर्ट्झसारखी कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि शेजारच्या केबलवर सहसा उडी मारत नाही. 33 किलोहर्ट्झसारखी जास्त फ्रिक्वेन्सी सहज चढते, टोकाला अर्थिंग (जमिनीशी जोडणी) नसलेल्या केबलवरही चढते, पण शेजारच्यांवरही तितक्याच सहज जाते. मधली 8 किलोहर्ट्झ बऱ्याच कामांना पुरते. गर्दीच्या चौकात, जिथे एका फुटात चार केबल आहेत, तिथे कमीवरून सुरुवात करावी.

अशा गर्दीत एक ठोकताळा फार उपयोगी पडतो. आडव्या कॉइलने दाखवलेली जागा आणि उभ्या कॉइलने दाखवलेली जागा एकच आली पाहिजे. दोन्हींत वीतभर जरी अंतर पडलं, तरी समजावं की शेजारच्या कुठल्यातरी धातूने क्षेत्र वाकडं केलंय. मग जागेवरही विश्वास नको आणि खोलीच्या आकड्यावर तर मुळीच नको. खोलीचा आकडा चांगल्या परिस्थितीतही केबलच्या मध्यापर्यंतचा असतो, तिच्या पाठीपर्यंतचा नव्हे. ‘मशीनने 90 सेंटीमीटर दाखवलंय, 60 पर्यंत जेसीबी चालव’ ही सूचना कुणी कुणाला देऊ नये.

आता फायबर. फायबर म्हणजे काच, आणि ती प्लॅस्टिकच्या डक्टमध्ये, म्हणजे नळीत. तिच्यातून वीज वाहत नाही, चुंबकीय क्षेत्र नाही, लोकेटरसाठी ती अस्तित्वातच नाही. केबलला धातूचं कवच असेल, किंवा टाकताना सोबत शोधतार टाकली असेल, तरच तिच्यावर सिग्नल चढवता येतो. डक्ट रिकामा असेल किंवा त्यात जागा असेल, तर छोटा ट्रान्समीटर सळईच्या टोकाला बसवून आत सरकवतात आणि वरून त्याचा माग घेतात. एरवी चेंबर, नकाशा आणि कंपनीचा माणूस यांच्यावरच भिस्त. त्यात फायबर बऱ्याचदा चर न खोदता, आडव्या ड्रिलिंगने टाकतात. वर एकही पट्टा दिसत नाही आणि ड्रिल खाली-वर होत गेल्यामुळे खोली जागोजागी वेगळी असते.

प्लॅस्टिक शोधायला रडार आहे ना, असं इथे विचारलं जातं. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार लहान मुलाच्या बाबागाडीएवढ्या गाड्यावर असतं. मातीपेक्षा वेगळा पदार्थ लागला की लहर परत येते. धातू असो, प्लॅस्टिक असो, काही असो. गाडा पाइपावरून जाताना अंतर आधी कमी होतं, मग वाढतं, म्हणून पडद्यावर कमानीसारखी आकृती उमटते. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत हे छान चालतं. पण सोलापूरची काळी माती म्हणजे चिकणमाती. ती पाणी धरून ठेवते, आणि ओली चिकणमाती रडारच्या लहरी गिळून टाकते. ऑगस्टमध्ये अशा मातीत लहर मीटरभरही उतरत नाही. उन्हाळ्यात जरा बरं. खालच्या मुरमात बेसाल्टचे गोटे असतील तर प्रत्येक गोटा आपली कमान उमटवतो आणि पाइप कुठला, दगड कुठला हे सांगायला अनुभवी नजर लागते. रडार वाईट आहे असं नाही. आपल्या मातीत ते एकटं पुरत नाही, एवढंच. महागडा रडार सर्व्हे केला म्हणून निर्धास्त झालेल्या साइट मला लोकेटरसुद्धा नसलेल्या साइटइतक्याच काळजीच्या वाटतात.

शेवटी खात्री देतो तो हाताने खोदलेला चाचणी खड्डा. खुणा केलेल्या जागी, आणि जिथे यंत्र गप्प आहे पण नकाशा केबल सांगतो तिथेही. खड्डा केबलच्या अगदी डोक्यावर न घेता थोडा बाजूला घ्यावा आणि खोली गाठल्यावर आडवं सरकत केबलकडे यावं. फावड्याने, टिकाव आणि पहार वर ठेवून. काळ्या मातीत हे काम करताना नजर रंगावर ठेवावी. केबल टाकताना खाली-वर वाळू पसरतात, वाळूवर विटा किंवा फरशीचे तुकडे लावतात आणि त्याच्यावर धोक्याची पट्टी अंथरतात. म्हणून काळ्याभोर मातीत अचानक पिवळसर वाळू दिसली, विटेचा सरळ कड दिसला, लाल प्लॅस्टिकचा फाटका तुकडा फावड्याला गुंतला, की तिथेच थांबायचं आणि पुढची माती हाताने काढायची. पट्टी दिसली नाही म्हणून केबल नाही असं मात्र धरू नये. मागच्या दुरुस्तीत ती काढून फेकून दिलेली असू शकते. उघडी पडलेली प्रत्येक केबल चालू आहे असंच समजायचं. ‘ही जुनी आहे, मेलेली आहे’ हे ठरवण्याचा अधिकार फक्त महावितरणच्या माणसाला, तेही तपासून. उघड्या केबलवर पाय देऊन चरात उतरू नये, जॉइंट तर हलवूसुद्धा नये.

आणि तरीही बकेट केबलला लागलीच, तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावं आणि बाकीच्यांनी लांब जावं. मशीनभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज पसरलेला असू शकतो. दोन पावलांमधल्या फरकानेही धक्का बसतो. बाहेर पडायची वेळ आगीमुळेच आली तर मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय जुळवूनच, छोट्या उड्या घेत दूर जावं. ठिणगी विझली म्हणजे लाइन गेली असं नाही. ती पुन्हा चालू केली जाऊ शकते. महावितरणला 1912 वर कळवून, लाइन बंद केल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत चराकडे फिरकू नये. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नये. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो.

सगळ्यात जास्त लपवला जातो तो लहान ओरखडा. केबलची वरची साल थोडी खरवडली, लाइट गेली नाही, कुणी पाहिलं नाही, माती ढकलली. पण त्या चिरेतून पावसाळ्याचं पाणी आत शिरतं, आवरण गंजतं, इन्सुलेशन हळूहळू खचतं आणि काही महिन्यांनी, कुणीही खोदत नसताना, त्याच जागी केबल फुटते. तेव्हा दुरुस्तीला येणारा वायरमन नुकसान कुणी केलं हे जाणत नाही आणि अख्ख्या गल्लीला रात्र अंधारात काढावी लागते. ओरखडा त्याच दिवशी सांगितला तर दुरुस्ती सोपी असते. ठेकेदाराने सांगणाऱ्या मजुराच्या पगारातून पैसे कापले, तर पुढच्या वेळी कुणीही सांगणार नाही.

चर बुजवण्याआधी उघड्या केबलचं टेप लावून माप घ्यावं: दोन पक्क्या, न हलणाऱ्या खुणांपासूनचं अंतर, वरची माती किती, जॉइंट कुठे. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, त्यामुळे नुसतं लोकेशन पुरत नाही. टेप लावलेला फोटो हवा. मग वाळू, विटा आणि नवी पट्टी पूर्वीसारखी घालावी, आणि ती मापं महापालिकेकडे आणि केबल ज्यांची आहे त्यांच्याकडे, दोन्हीकडे लेखी द्यावीत.